एकशे सत्तावीस दाते

नट सहा आटे सरळ गेला आणि सातव्याला अडकला.

ज्योतीरामने तो मागे फिरवला, तेलाचा थेंब सोडला आणि पुन्हा बसवला. पुन्हा सातव्याच आट्याला तो घट्ट झाला. जोर लावला असता तर आणखी अर्धा फेरा गेला असता, पण पितळी नट कारखान्याचा होता आणि तसाच परत द्यायचा होता. त्याने नट काढला आणि नवा स्क्रू फळीवर, काल वाया गेलेल्या स्क्रूशेजारी ठेवला.

"दोन संपले," दारातून थोरला भाऊ अर्जुनराव म्हणाला. "कारखान्यानं लोखंडाचे चार गज दिले व्हते ना?"

"दोन उरलेत, दादा."

"आन दिवस?"

ऐतवार होता, सकाळचे नऊ वाजले होते. उद्या उजाडता तळवड्याचे बबनराव बैलगाडी आणि सहा माणसं घेऊन लेथ विकत न्यायला येणार होते. आकुर्डीच्या वाटेवर नव्याने सुरू झालेल्या बाटल्यांच्या कारखान्यातलं एक जर्मन यंत्र महिनाभर बंद होतं. त्याचा एवढा एक स्क्रू मोडला होता आणि तो परदेशातून यायला चार महिने लागणार होते. तसाच स्क्रू आज या लेथवर निघाला, तर लेथ चिंचवडला राहणार होता.

तसं ठरवलं होतं आईने, दुर्गाबाईंनी. मागच्या ऐतवारी दोघे भाऊ ताटावरच भांडायला लागले, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "चालतं असंल तर ऱ्हाऊ द्या. बंद लोखंड दारात नको. येत्या ऐतवारपातूर बघा."

"मी काय तुझा वैरी न्हाई, जोती," अर्जुनराव आत आला. "खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सायबाशी बोलून ठिवलंय तुझ्यासाठी. बुधवारी हजर व्हायाचं. पगार ठरलेला, शिफ्ट ठरलेली. हितं काय हाय? तात्या गेल्यापासून दोन वर्षं गोणपाटाखाली पडलेलं यंत्र."

"पडलेलं होतं. चार महिने घासलंय मी. आता चालतंय."

"फिरतंय," अर्जुनराव म्हणाला. "चालनं येगळं. आन बबनरावला मी शबूद दिलाय. आपल्यात शबूद फिरवत न्हाईत."

तो बाहेर जाऊन ओट्यावर बसला. गेला मात्र नाही कुठे.

कुसुम खिडकीपाशी उपड्या खोक्यावर बसली होती. तिने दोन्ही फुकट गेलेले स्क्रू मांडीवर घेतले आणि एकाच्या आट्यांवर पोलादी पट्टी ठेवली. ज्योतीरामशी लग्नाला वर्ष झालं होतं. पुण्याला इंटर सायन्सपर्यंत शिकलेली म्हणून या घरात तिच्याकडे आतापर्यंत एकच काम आलं होतं, गावाकडची पत्रं वाचायची आणि लिहायची.

"दहा आटे तीस मिलिमीटर व्हायला हवेत ना?" तिने विचारलं. "केसभर कमी भरतात. कुठली चाकं लावलीत?"

"चाळीस आणि पंच्याऐंशी दात्यांची. इंचात साडेआठ आटे पडतात. याहून जवळचं काही बसत नाही."

"जवळचं आहे. तेच नाही."

"सहा आट्यांपर्यंत तर तेच आहे की."

"सहा आट्यांपर्यंत चूक लपते. ती साठत जाते, मग सातव्याला दिसते." तिने जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं. "तुमच्या लेथच्या पोटाखालचा हा लांब स्क्रू, तो हत्याराला पुढे नेतो. त्याचे इंचात किती आटे?"

"चार."

"म्हणजे त्याचा एक फेरा पाव इंचाचा. इंच म्हणजे पंचवीस पूर्णांक चार मिलिमीटर. पाव इंच सहा पूर्णांक पस्तीस शतांश. आपल्याला हवेत तीन." तिने तीनशे भागिले सहाशे पस्तीस लिहिलं, दोन्हींना पाचाने भाग दिला आणि थांबली. पुन्हा पाहिलं. "वर साठ दात्यांचं चाक. खाली एकशे सत्तावीस."

"एकशे सत्तावीस?" ज्योतीराम हसला. "अगं, पेटीतली सगळी चाकं पाचाच्या पाढ्यात आहेत. वीस, पंचवीस, तीस, असं करत एकशे वीसपर्यंत. कुठली दोन-तीन जोडून भागव ना."

"नाही भागणार. एकशे सत्तावीसला कशानेच भाग जात नाही. ते अख्खं चाकच हवं."

तो लेथच्या डाव्या अंगाला गेला. तिथे चाकं धरून ठेवणारी लोखंडी बाही होती, तिला लांब खाच होती, आणि खाचेत चाकं मागेपुढे सरकवून एकमेकांत अडकवायची. गंज काढताना त्याला एक गोष्ट खटकली होती. सर्वांत मोठं चाक लावलं तरी खाच दोन बोटं रिकामी राहायची. तिथला गंजही वेगळा होता, कधीच कोणाचा हात न लागल्यासारखा.

"ज्यानं हे यंत्र केलं," तो हळूच म्हणाला, "त्यानं एवढं लोखंड उगाच कशाला घातलं असेल? इथे काहीतरी मोठं बसत असणार." मग त्याने घराकडे पाहिलं आणि फडक्याला हात पुसले. "कुसुम, एक चाक होतं. तात्या म्हणायचे, आपलं नाही ते. देहू रोडच्या डेपोत लिलाव झाला तेव्हा दुसऱ्या कुठल्या यंत्राचं चुकून पेटीत आलं. कुठल्याच हिशेबात बसत नव्हतं."

"मग टाकून दिलं?"

"नाही. रोज सकाळी तू त्याला फूल वाहतेस."

*

देवघरात खंडोबाच्या टाकामागे ते उभं होतं, ताटलीएवढं, शेंदराने इतकं लिंपलेलं की दाते बोटाला लागत नव्हते. दर खंडेनवमीला त्यावर नवा लेप चढायचा. अकरा वर्षांचे अकरा लेप. आळीतले सुतार, गाडीवान, खडकीला जाणारे कामगारसुद्धा त्या दिवशी येऊन चक्राच्या पाया पडायचे.

"देवाला खरवडणार?" पुतळाबाई लाटणं घेऊनच चुलीपासून उठली. थोरली सून म्हणून देवघराची राखण तिच्याकडे होती. "आत्याबाई, ऐकलं का? धाकटीला कागदावर आकडा आला म्हनून देव सोलायचा!"

"सोलायचं नाही, अक्का," कुसुम म्हणाली. "फक्त दाते मोजायचे."

"देवाचे दात मोजनारी तूच पयली!"

"वहिनी, एकदा बघू तर द्या," ज्योतीराम म्हणाला.

"तुम्ही गप ऱ्हावा, भाऊजी. यंत्र उद्या गाडीत बसनार आन देव बी त्याच्यामागं घालवायचा का?" ती वळली. "आत्याबाई, तुम्ही सांगा. शेंदराचं कवच मानसानं काढायचं असतं व्हय? आपसूक सुटलं तर नदीला द्यायचं, ही रीत."

दुर्गाबाई भिंतीला टेकून वाती वळत होत्या. त्यांनी हातातली वात पुरी केली.

त्यांना ते तीन दिवस आठवत होते. लेथ नुकताच आला होता. सावळाराम, पोरांचे तात्या, संध्याकाळी कामावरून यायचे आणि हे चाक मांडीवर घेऊन बसायचे. प्रत्येक दांड्यावर चढवून बघायचे, उतरवायचे. आळीभर त्यांचं नाव होतं. बिघडलेलं इंजिन नुसतं ऐकून सांगणारा माणूस. चौथ्या दिवशी ते चुलीपाशी येऊन बसले आणि म्हणाले, "दुर्गे, याचं काम मला कळंना. कुनाला बोलू नको." दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. सगळ्यांदेखत त्यांनी शेंदूर कालवला, चाकाला लावला आणि सांगितलं, ही यंत्राची देवी. पोरांनी हात जोडले. दुर्गाबाईंनीही जोडले आणि अकरा वर्षं कोणाला बोलल्या नाहीत.

आजही बोलायचं नव्हतं.

"कुसुम," त्या म्हणाल्या, "न खरवडता निघंल का?"

"धुण्याचा सोडा घालून पाण्यात उकळलं तर आपोआप सुटेल."

"आपसूक सुटंल म्हंतीस?"

"हो, आत्याबाई."

"मग रीत मोडली कुठं?" त्या उठल्या, देवासमोर वाकल्या आणि चक्र दोन्ही हातांनी उचलून पदरात घेतलं. "त्यानं ठिवलं, मी काढते. पाप लागलं तर मला लागंल. पुतळे, मोठं पातेलं दे."

पुतळाबाईने तोंड वाकडं केलं, पण पातेलं दिलं. पाणी उकळायला लागलं तसा लाल तवंग वर आला. घरात तेलाचा आणि जुन्या शेंदराचा वास भरला.

"अक्का, एक सांगायचं राहिलं," कुसुम म्हणाली. "या पातेल्यात आता स्वयंपाक करायचा नाही. शेंदरात शिसं असतं. विष आहे ते."

"घ्या!" पुतळाबाई म्हणाली. "देव बी गेला आन माझं पातेलं बी गेलं."

दुर्गाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मग पुतळाबाईही हसली, आणि ओट्यावर बसलेल्या अर्जुनरावला आत काय चाललंय ते बघावंसं वाटलं.

चाक बाहेर आलं तेव्हा काळं आणि स्वच्छ होतं, एकही दाता झिजलेला नव्हता. एकदाही काम न केलेलं चाक. दुर्गाबाईंनी लाल पाणी गाळून तळाचा शेंदूर फडक्यात बांधला, पवनेला द्यायला. कुसुमने एका दात्यावर खडूची खूण केली आणि मोजायला सुरुवात केली. ज्योतीरामने मोजले. मग पुतळाबाईने मागून घेतलं.

"तुमचे किती?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"एकशे सत्तावीस," कुसुम म्हणाली.

"माझेही तेवढेच," ज्योतीराम म्हणाला.

"माझे एकशे सव्वीस," पुतळाबाई म्हणाली. "बघा! उगं देव उकळला."

"खुनेचा दाता धरला न्हाईस," अर्जुनराव दारातून म्हणाला. सगळे वळून बघायला लागले तसा तो भिंतीकडे बघत पुटपुटला, "तिथनं पुढं मोजलं तिनं. मी बघत व्हतो."

*

लेथला लागून नऊ वर्षं अर्जुनराव उभा राहिला होता, पण कधी त्याच्या समोर नाही. समोर तात्या असायचे. तो मागे, पट्ट्यापाशी. इंजिन सुरू करायचं, पट्टा नुसत्या फिरणाऱ्या रिकाम्या चाकावरून यंत्र ओढणाऱ्या भरल्या चाकावर सारायचा, तेल सोडायचं. चाकं बदलायची वेळ आली की तात्या म्हणायचे, "तू सरक." एकदा त्याने विचारलं होतं, मला शिकवा. तात्या म्हणाले, "तुला यंत्राचा कान हाय, डोळा न्हाई." ते बोलून विसरले. अर्जुनराव खडकीला भरती झाला, तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं की पगारासाठी गेला.

आता तो दारात उभा राहून धाकट्याला चाक चढवताना बघत होता. एकशे सत्तावीस दात्यांचं चाक लांब स्क्रूच्या टोकावर बसलं, चाक घसरू न देणारी किल्लीही त्याच्यात अचूक लागली. साठाचं वर बसवलं. दोघांना जोडणारं मधलं चाक जिथे बसलं, ती खाचेतली कधी न वापरलेली जागा होती. कुसुमने श्वास सोडलेला त्याला ऐकू आला.

तिसरा गज चढवला. पहिला काप अगदी हलका, रेघेसारखा. ज्योतीरामने इंजिनचा पट्टा रिकाम्या चाकावर सारला आणि आट्यांवर पट्टी ठेवली.

"दहा आटे," कुसुम वाकून म्हणाली. "तीस. पुरे तीस."

पुतळाबाईने टाळी वाजवली. ज्योतीरामने पकड उघडली. पकड म्हणजे लांब स्क्रूवर मिटणारा नटाचा दुभंग तुकडा. मिटला की हत्यार स्क्रूबरोबर चालतं, उघडला की मोकळं होतं. हत्यार हाताने मागे आणून त्याने पकड मिटली, नेहमी करायचा तशी, आणि दुसरा काप सुरू केला.

आवाज बदलला. अर्जुनरावला तो आधी कळला, मग इतरांना दिसलं. हत्यार पहिल्या रेघेत पडलंच नव्हतं. दोन रेघांच्या मधोमध दुसरी रेघ पाडत ते पुढे गेलं आणि गज फुकट गेला.

एकच गज उरला होता. घड्याळात साडेबारा वाजले होते.

"जेवून घ्या," पुतळाबाई म्हणाली. तिच्या आवाजात सकाळची धार नव्हती. "उपाशी डोकं चालत न्हाई."

"पकड बरोबर मिटली होती," ज्योतीराम म्हणाला. "इंचाच्या आट्यांना मी अशीच मिटतो. कधी चुकत नाही."

कुसुमने कागद पुन्हा घेतला, पण लिहिलं काही नाही.

"सोडतोस कशाला?" अर्जुनराव म्हणाला.

"काय?"

"पकड. सोडली की त्याला जागा गावत न्हाई. एकदा धरली की धरूनच ठिवायची, शेवटपातूर."

"मग हत्यार मागं कसं आणू?"

"उलटं फिरवून. जसं गेलं तसंच माघारी."

कुसुम एकदम उभी राहिली. थोरल्या दिराशी ती एरवी मोजकंच बोलायची. "दादा, बरोबर आहे तुमचं. इंचाच्या आट्यांत गज आणि हा खालचा स्क्रू थोड्या थोड्या फेऱ्यांनी पुन्हा पहिल्यासारखे जुळतात. म्हणून पकड कुठे तरी नीट मिटते. इथे एकशे सत्तावीस फेऱ्यांनी एकदाच जुळणार. सोडलं की संपलं."

"ते आकडे तुमचे तुम्ही बघा," तो म्हणाला. "मला आवाजावरनं कळलं."

"पण उलटं फिरवायला दुसरा पट्टा लागतो," ज्योतीराम म्हणाला. "तिढा घातलेला. तो कधीच कुजला."

अर्जुनरावने सदरा काढून खुंटीला लावला. "पट्टा न्हाई तर न्हाई. हात हायेत."

चौथा गज चढला. पहिला काप झाला. ज्योतीरामने हत्यार गजापासून दूर घेतलं, पकड तशीच मिटलेली ठेवली. इंजिनचा पट्टा रिकाम्या चाकावर गेला आणि अर्जुनरावने लेथचा पट्टा दोन्ही हातांनी धरून उलटा ओढायला सुरुवात केली.

"किती फेरे?" त्याने विचारलं.

"चौतीस," कुसुम म्हणाली.

चौतीस फेरे. मग दुसरा काप. सगळे वाकले. हत्यार पहिल्याच रेघेत शिरलं, जसं काही तिथून निघालंच नव्हतं.

पुन्हा चौतीस फेरे. पाचव्या खेपेला त्याचे तळवे लाल झाले. आठव्या खेपेला पुतळाबाईने काही न विचारता त्याच्या हाताला फडकी बांधली आणि तेलाची बुधली घेऊन गजापाशी उभी राहिली.

"हे ईकनार व्हता ना?" ती खालच्या आवाजात म्हणाली. "ह्या शेडात तुम्ही मला खोली बांधून देनार व्हता."

"तेल सोड."

"सोडते की. खोलीचं मग बघू."

तेराव्या खेपेला तो ओरडला, "थांब! काप उथळ घे."

"व्यवस्थित कापतंय, दादा. बघ ना."

"बघायचं कशाला? ऐक. कुरकुरतंय."

ज्योतीरामने कान लावला. इंजिनच्या आवाजाखाली, अगदी बारीक, दाताखाली खडा यावा तसा आवाज होता. त्याने काप उथळ केला. कुरकुर थांबली. दोघा भावांची नजरानजर झाली आणि ज्योतीरामने आधी खाली पाहिलं.

"मला हे ऐकू आलं नसतं," तो म्हणाला.

"ओढू का?" अर्जुनराव म्हणाला.

एकवीस खेपा झाल्या. सावल्या ओट्याच्या पायरीवर आल्या होत्या. दुर्गाबाई दाराशी येऊन बसल्या, मांडीवर शेंदराची पुरचुंडी. ज्योतीरामने गज उतरवून पुसला आणि नट लावला.

"एक," पुतळाबाई मोजायला लागली. "दोन. तीन."

"हळू, अक्का."

"चार. पाच. सहा."

सातव्याला ज्योतीरामचा हात थबकला. नट थबकला नव्हता. तो दोन बोटांनी फिरत राहिला, आटे संपेपर्यंत गेला, आणि पलीकडून निघून त्याच्या तळहातावर पडला. पुतळाबाई अजून मोजतच होती.

ज्योतीराम नट घेऊन भावापुढे आला. अर्जुनरावने तो घेतला, स्वतः एकदा फिरवून पाहिला, परत दिला. हाताची फडकी सोडली, सदरा घातला, खुंटीवरची टोपी डोक्यावर ठेवली आणि भिंतीला टेकलेली सायकल बाहेर काढली.

"आरं, कुठं निगालास?" दुर्गाबाई म्हणाल्या. "सकाळधरनं जेवला न्हाईस."

"तळवड्याला. बबनरावला सांगून येतो. उद्या गाडी जुपायच्या आदी कळलेलं बरं."

"तो शिव्या देईल, दादा," ज्योतीराम म्हणाला. "चार माणसांदेखत देईल. मी येतो सोबत."

"शबूद माजा व्हता. शिव्या बी मीच खाईन." त्याने सायकल उंबऱ्यावरून उचलून रस्त्यावर ठेवली आणि एक पाय पायडलवर टाकून थांबला. "कारखान्यात तसली आनखी दोन यंत्रं हायेत म्हनला व्हतास ना?"

"आहेत."

"मग चाकं उतरवू नको," अर्जुनराव म्हणाला. "फुडचा स्क्रू मी कापनार. पट्टा तू वढायचा."